बल्बाची पापणी

॥ श्री ॥

नांदे,
१० नोव्हेंबर २०२४

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

दिवाळीहून आम्ही सगळे सुखरूप पोचलो. तुझ्या नातीनं, किमयानं, करंज्यांचा डबा गाडीतच संपवला. माझ्या वाट्याला खाली उरलेला चुरा आला. फोनवर तुला माझं बोलणं कळत नाही आणि ओरडून ओरडून माझा घसा बसतो, म्हणून नेहमीसारखं हे पत्र. दुधाच्या टेम्पोवाल्या माऊलीकडे देते. उत्तर लिहिलंस की त्याच्याच हातात दे, टपालाच्या भानगडीत पडू नकोस.

आता मुद्द्याचं. घरातले सातही पिवळे बल्ब काढून मी एलईडीचे लावले, त्यावर भाऊबीजेपर्यंत तू तोंड फुगवून होतीस. आई, ते मी हौसेनं केलं नाही. तात्यांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनपासून डॉक्टर सांगताहेत, की घरात भरपूर उजेड ठेवा. तुझ्या त्या मिणमिणत्या उजेडात ते दोनदा उंबऱ्याला अडखळले, हे मी डोळ्यांनी पाहिलं. इथे आम्ही भाड्यानं दिलेल्या बारा खोल्यांत मी कधीच एलईडी लावले. अख्ख्या रिह्याच्या खोऱ्यात पिवळे बल्ब जाळणारं आपलं शेवटचं घर असेल. शेजारच्या फार्महाउसवाल्यांनी तर आंब्याच्या झाडांनासुद्धा पांढरे दिवे बांधलेत.

एक मात्र मला कळलं नाही. बाकीचे बल्ब काढले तेव्हा तू काही बोलली नाहीस, आणि स्वयंपाकघरातला साठ वॅटचा काढताना माझा हात धरलास. तो गरम होता म्हणून मी फडक्यात गुंडाळून ओट्यावर ठेवला आणि तो गडगडत खाली पडून फुटला, ती माझी चूक. पण एका जुन्या बल्बासाठी इतका उतरलेला चेहरा मी तुझा कधी पाहिला नव्हता.

तात्या मात्र खुशीत होते. मला म्हणत होते, की फोन ऐकू येत न्हाई म्हणणाऱ्या तुज्या आईला खालच्या विहिरीवरची मोटार बरोबर ऐकू येती. मी मोटार बंद करून निघालो की हिचा तवा गॅसवर, आन मी दारात की भाकरी ताटात. म्हणजे आमचंच बोलणं तेवढं तुला ऐकायचं नसतं, असं मी समजायचं का?

त्यांना मधूनच चक्कर येते हे तू मला सांगितलं नाहीस, ते त्यांच्याच तोंडून निसटलं. विहिरीवर जाताना मोबाईल खिशात ठेवायला सांग. लोभ आहेच, रुसव्यात तो कमी करू नकोस.

तुझी,
शुभांगी


॥ श्री ॥

रिहे,
२४ नोव्हेंबर २०२४

चि. सौ. शुभांगीस अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. माऊलीनं ते दुधाच्या कॅनखाली ठेवलं होतं, त्यामुळे खालचा भाग भिजला आणि 'लोभ' हा शब्द नेमका पुसला गेला. तो असेल असं मी धरून चालले आहे.

तुझ्या उजेडाची खबर अशी. पहिल्या दिवशी घरातली सगळी जळमटं दिसली, दुसऱ्या दिवशी माझ्या गालावरचे सगळे डाग दिसले. तुझे तात्या त्या उजेडात सलाइन लावलेल्या माणसासारखे दिसतात. गोठ्यातली म्हैस बिचकली आणि दोन दिवस पान्हा चोरत होती. आता तिला सवय झाली, मला झाली नाही. पण पडवीतला आणि न्हाणीतला दिवा चांगला आहे, तात्यांना पायऱ्या दिसतात, एवढं मी कबूल करते.

बाकीचे सहा राहू देत. स्वयंपाकघरात मात्र मला पहिल्यासारखा साठचा बल्ब पाहिजे. पांढऱ्या उजेडात भाकरी भाजली की कच्ची राहिली ते कळत नाही, हे कारण पुरेसं समज. तुझ्या ओळखीचा इलेक्ट्रिकवाला आहे, त्याच्याकडून आणून माऊलीबरोबर पाठव. या वेळी कागदात नीट गुंडाळ.

गहू उगवून वर आला. तात्या रोज दिवेलागणीला विहिरीवर जातात आणि तासाभरानं येतात. मोबाईल बरोबर न्या म्हणून मी सांगितलं, त्यांनी मान हलवली आणि फोन मीटरशेजारी चार्जिंगलाच ठेवून गेले. हल्ली त्यांचं जेवण गार होतं. भाकऱ्या आधी करून ठेवल्या तर चामट होतात, ते आल्यावर करायला घेतल्या तर त्यांना ताटकळावं लागतं. ते काही बोलत नाहीत. त्यांच्या न बोलण्याची मला धास्ती वाटते.

मोटार मला ऐकू येते म्हणून तुम्ही बापलेक हसता, हसा. नाव त्यांचं बहिरू आणि बहिरी मी, हा विनोद गावानं केव्हाच करून झालाय, त्यात तुझी भर नको. बल्ब तेवढा विसरू नकोस. किमयाच्या गालाला हात लावल्याचं सांग.

तुझी आई,
रंभाबाई


॥ श्री ॥

नांदे,
८ डिसेंबर २०२४

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

भाकरीच्या रंगाचं कारण मला काही पटलं नाही. रॉकेलच्या चिमणीच्या उजेडात तू पंधरा माणसांच्या भाकऱ्या केल्यास आणि एकही करपली नाही, हे तूच मला सतरा वेळा ऐकवलं आहेस. तरी तुझा हट्ट मोडायचा नाही म्हणून माऊलीबरोबर एक बल्ब पाठवते आहे. हा एलईडीचाच, पण पिवळ्या उजेडाचा. डोळे झाकून लाव, हुबेहूब साठच्या बल्बासारखा रंग आहे. दुकानदार म्हणाला, की व्होल्टेज कितीही खालीवर होऊ दे, हा डोळ्याची पापणी लववणार नाही. आपला जुना बल्ब मोटार लागली की मरगळायचा आणि बंद झाली की भगभगायचा, तो त्रास कायमचा गेला असं समज.

तात्यांचं जेवण गार होतं यात धास्ती कसली? थंडीचे दिवस आहेत. पण तुला हे सगळं झेपत नसेल तर स्पष्ट सांग. आमच्या खालच्या मजल्यावरची खोली फेब्रुवारीत रिकामी होते आहे. तुम्ही दोघं आलात तर ती मी पुन्हा भाड्यानं देणारच नाही. तात्यांना चक्कर येते आणि तुला हाक ऐकू येत नाही. रात्रंदिवस माझं लक्ष तिकडेच असतं. शेजारी फार्महाउस आहे म्हणतेस, पण तिथे शनिवार-रविवारशिवाय माणूस नसतं.

रागावू नकोस. संक्रांतीला तिळाच्या वड्या घेऊन येते, तोवर आपला लोभ जपून ठेव.

तुझी,
शुभांगी


॥ श्री ॥

रिहे,
१७ जानेवारी २०२५

चि. सौ. शुभांगीस आशीर्वाद.

आशीर्वाद या वेळी मनातून येत नाहीत, तरी लिहिते, कारण आईनं पत्राची सुरुवात तशीच करायची असते.

तात्यांचं खुब्याचं ऑपरेशन नीट झालं, ते तुझ्या घरी आले, हे माऊलीनं मला कागदावर लिहून दाखवलं. मी म्हशीपायी इथे अडकले आहे. दवाखान्यात तुझ्याशी मला बोलता आलं नाही. तू सारखी धावत होतीस आणि तुझे ओठ मला अर्धेच वाचता येत होते. म्हणून आता सगळं लिहिते, ते नीट वाच.

त्या बुधवारी साडेसहाला ते विहिरीवर गेले. आठ वाजता मी बॅटरी घेऊन उतरले. मोटारीच्या खोलीत ते कुशीवर पडलेले होते, काठी मुठीत आणि डावा पाय वाकडा. दीड तास. तो दीड तास मी स्वयंपाकघरात तू पाठवलेल्या पिवळ्या बल्बाखाली मेथी निवडत होते. बल्ब एकदाही हलला नाही. तू लिहिलं होतंस तसंच, त्यानं पापणी लववली नाही.

शुभांगी, मला मोटार ऐकू येत नाही. दहा वर्षं झाली. आधी पाखरं गेली, मग देवळातली घंटा, मग मोटार. जवळ येऊन, तोंडाकडे बघून कुणी बोललं तरच कळतं. मोटार लागली हे मला तो साठचा बल्ब सांगायचा. विहिरीची वायर आपल्याच मीटरवरून गेलीय. तात्यांनी तिकडे बटण दाबलं की इकडे बल्ब मंद व्हायचा, बंद केलं की लख्ख. गेली काही वर्षं बंद होताना तो दोनदा पापणी लवल्यासारखा करायचा. मोटार म्हातारी झाली, अडखळते, असं मी धरलं. शंभूला, जळालेल्या मोटारींची तार नव्यानं भरून देणाऱ्याला, दोनदा बोलावून दाखवली, त्याला काही दोष सापडला नाही. तर ते अडखळणं दिसलं की मी तवा ठेवायची. विहिरीपासून घरापर्यंत चढ चढायला त्यांना दहा-पंधरा मिनिटं लागतात, तोवर पहिली भाकरी फुगायची. आणि कधी लवायला उशीर झाला तर मी पदर खोचून खाली उतरायची.

तुझ्यावर राग नाही असं लिहिणार होते, पण आहे. त्याहून जास्त माझा माझ्यावर आहे. तू दोनदा कारण विचारलंस आणि मी भाकरीच्या रंगावर ढकललं. खरं सांगितलं असतं तर तू आम्हाला उचलून नांद्याला नेलं असतंस, या भीतीनं मी गप्प बसले. माझ्या गप्प बसण्यानं ते दीड तास मातीत पडले.

मोटार जळलीय. शंभू येऊन बघून गेला. त्यानं मला खुणा करून, लिहून सांगितलं, की ही अशी एका झटक्यात जळत न्हाई, कुणीतरी लई येळ चालू-बंद, चालू-बंद केलंय, हिरवं बटण बी आत घुसलंय. मी म्हटलं, घरधनी जमिनीवर पडलेला, बटणाशी खेळायला कोण येणार. लाइट जात-येत असेल. पण त्या संध्याकाळी घरातली लाइट तर गेली नव्हती. असो, माझं डोकं चालत नाही.

यातलं तात्यांना काही सांगू नकोस. आपल्या बायकोला एवढं तरी ऐकू येतं असं त्यांना वाटतं. तेवढं त्यांच्याजवळ राहू दे. त्यांना पेज थोडी मीठ घालून दे, अळणी खात नाहीत.

तुझी आई,
रंभाबाई


॥ श्री ॥

नांदे,
२६ जानेवारी २०२५

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी गच्चीत जाऊन वाचलं, कारण खाली तात्या होते. आई, मला माफ कर असं लिहायला सोपं आहे. तू माझा हात धरला होतास, तेव्हाच मी थांबायला हवं होतं. मी विचारत बसले कारण काय, आणि हात धरणं हेच कारण होतं.

तात्यांची तब्येत सुधारते आहे. वॉकर घेऊन खोलीतल्या खोलीत चार पावलं टाकतात. डॉक्टर म्हणाले, की ते घरात हिंडतील-फिरतील, पण विहिरीचा तो उतार आता विसरायचा. ऑपरेशननंतर भूल उतरत होती तेव्हा ते हातात काठी असल्यासारखी मूठ सारखी पुढे ढकलत होते आणि विचारत होते, की हिनं तवा ठिवला का. नर्सला वाटलं भूक लागली असेल. मलाही तसंच वाटलं.

तू सांगितलंस तसं मी त्यांना काही बोलले नाही. फक्त परवा सहज विचारलं, की आईला विहिरीवरची मोटार घरात ऐकू येते का हो. तर म्हणाले, की येती म्हंजी, बटण दाबल्यालंबी कळतं तिला. आणि भिंतीकडे तोंड करून झोपले.

आता माझं ऐक. तुला ऐकू येत नाही, त्यांना चालता येत नाही. तुम्हाला तिथे ठेवून मला अन्न गोड लागणार नाही. म्हैस शंभूला सांभाळायला देऊ, गव्हाची कापणी तोच करेल. खालची खोली मी झाडून-पुसून ठेवली आहे. पाडव्याची गुढी आपण इथेच उभारू, आणि तिकडच्या घराला कुलूप लावू. दुसरा मार्ग मला दिसत नाही. तूही नाही म्हणू नकोस.

माझ्यावर राग असला तरी असू दे, पण तो इथे येऊन, माझ्यासमोर बसून काढ.

तुझी,
शुभांगी


नांदे,
९ फेब्रुवारी २०२५

सौ. रंभास राम राम.

वर काय लिहायचं आसतं ते पोरीला इचारलं. ती म्हणाली, नवऱ्यानं बायकोला आशीर्वाद लिहायचा. या वयात मी तुला कसला आशीर्वाद देतुया, म्हणून नुसता राम राम. चौथीनंतर सही सोडून काय लिहिलं न्हाई, तवा जसं बोलतोय तसं लिहितोय. चूकभूल सांभाळून घे.

मी बरा हाय. पोरगी लई करती. पर हितं खिडकी उघडली की समोर धा मजले दिसत्यात, आन पेज अळणी आसती ती तुझ्या चिठ्ठीनंतर जरा सुधारली.

शुभांगी मला आडून आडून इचारती, आईला मोटार ऐकू येती का. मी येती म्हणून सांगितलं. तू बी तेच सांग. दोघांचं एक पाहिजे, न्हाईतर ती घराला कुलूप घालायला बसलीच हाय.

तुला मोटार ऐकू येत न्हाई, हे मला सात वर्सं म्हाईत हाय. तुला आठवत आसंल, एकदा रांधायच्या खोलीतला बल्ब उडाला आन चार दिस नवा आणला न्हाई. त्या चार दिसांत मी आलो की तू दचकायचीस आन तवा गार आसायचा. नवा बल्ब लावला, आन दुसऱ्याच सांजेला भाकरी गरम. मी म्हटलं हां, ही कानानं न्हाई, डोळ्यानं ऐकती. तवापासनं निघताना मोटार बंद करून मी बटण दोनदा दाबून सोडायचो. म्हंजी तुला कळावं, मी धड हाय आन निघालोय. तुला कधी बोललो न्हाई. तू लपवत हुतीस, तर ते तुझ्यापाशी राहू द्यावं म्हटलं.

दिवाळीपासनं भाकरी गार मिळाय लागली, तवा मला वाटलं, पोरीनं बल्ब बदललं त्याचा राग तू माझ्यावर काढतीयास. नव्या बल्बाला आपलं कळत न्हाई, हे मला हितं येऊन, पोरगी बल्ब कसा व्होल्टेजला हलत न्हाई ते सहज सांगत हुती, त्यातनं कळलं.

त्या दिशी मोटार लावली, चक्कर आली, पडलो तो बेशुद्धच झालो. मला काय कळलं न्हाई. तवा तू उगा मनाला लावून घिऊ नको.

आता इहिरीवर जाणं माझं संपलं. मोटार कोण लावंल, गहू कोण भिजवंल, मला सुचत न्हाई. तू हिकडं येणार आसशील तर मी हितं राहतो. तू येणार नसशील तर मला न्यायला ये. ह्यापरीस जास्त काय सांगू.

बहिरू


॥ श्री ॥

रिहे,
२३ फेब्रुवारी २०२५

शुभांगीच्या तात्यांना नमस्कार.

नाव लिहायची सवय नाही म्हणून वर असं लिहिलंय. लग्नाला अठ्ठेचाळीस वर्षं झाली आणि तुमचं पहिलं पत्र आलं. माऊली पत्र देताना हसत होता. राम राम पोचला.

पत्र वाचून आधी मला हसू आलं. सात वर्षं तुम्ही मला डोळा मारत होता आणि मी मोटारीला शिव्या देत होते. शंभूला दोनदा चहा पाजून ती तपासून घेतली. तुमचं तुम्हाला ठाऊक, तुम्ही तेव्हा पलीकडे उभं राहून मोटारीकडे बघत होता आणि एक अक्षर बोलला नाहीत. मग हसू थांबलं आणि मी पडवीत येऊन बसले.

त्या दिवशी तुम्ही बेशुद्ध होता असं लिहिलंत. बरं. तुमची काठी दवाखान्यातून माझ्याबरोबर परत आली होती. परवा ती धुवायला घेतली. तिच्या टोकाच्या रबरात हिरव्या बटणाचा कपचा रुतून बसला होता. तो मी चिमट्यानं काढला आणि देवघरात ठेवला. तुम्ही बेशुद्ध होता, मग काठी जागी होती म्हणायची. मोटार जळेपर्यंत ती हिरवं-लाल, हिरवं-लाल करत होती. किती वेळा ते मी विचारत नाही, तुम्हीही सांगू नका. एवढंच तुम्हाला माहीत असावं, की मी दुसरीकडे कुठे नव्हते. मी बल्बाखालीच बसले होते आणि मेथीची एकेक काडी खुडताना मान वर करून बघत होते. मी बघत होते हो.

रडून झालं, आता कामाचं. मंगळवारी मी एसटीनं पौडला गेले, इलेक्ट्रिकवाल्या युनूसभाईंकडे. ते म्हणाले, की चाची, आता साठचा बल्ब कोण घेतं, माल येणंच बंद झालं. मी त्यांना का पाहिजे ते सांगितलं. बाहेरच्या माणसाला सांगायची माझी ही पहिलीच वेळ. ते शिडी लावून माळ्यावर चढले आणि धुळीनं भरलेल्या खोक्यातून तीन बल्ब घेऊन उतरले. आत तार धड आहे का बघायला त्यांनी प्रत्येक बल्ब कानाशी हलवला. मी उजेडाकडे धरून बघितला. तिन्ही चांगले निघाले.

शंभूनं मोटार भरून आणली आणि काल बसवली. उताराला त्यानं धरायला लोखंडी पाइपही ठोकून दिलाय. दिवेलागणीला मी स्वतः खाली उतरले आणि नवं हिरवं बटण दाबलं. पाणी आलं. गहू ओंबीवर आलाय, दोन पाण्यात हाती लागेल. परत निघताना मी बटण दोनदा दाबून सोडलं. घरात बघायला कुणी नव्हतं, तरी दाबलं.

पोरीला बोलू नका. तिनं उजेड तुमच्या डोळ्यांसाठीच लावला होता आणि आता तिला रोज त्याचं दुःख होतंय. तिला माझं सगळं कळलंच आहे, तेव्हा आपण दोघांनी एक बोलायची गरज उरली नाही. तिला हे पत्र वाचायला द्या. आणि तिला सांगा, की बाकीचे सहा बल्ब मी काढलेले नाहीत, तुम्हाला पायऱ्या दिसतात ते तिच्यामुळेच. पाडव्याला तिनं गुढी इथे उभारायला यावं, आणि माझ्यासमोर बसून माझा जो काय राग उरला असेल तो घेऊन जावा.

येत्या रविवारी दुपारी माऊली टेम्पो धुऊन, खाली गादी टाकून घेऊन येतो आहे. त्यात बसून या. स्वयंपाकघरात साठचा बल्ब लावलाय आणि त्याच्यासमोर तुमची खुर्ची ठेवली आहे. विहिरीवर आता मी जाणार आणि तुम्ही बघणार. बल्ब मंद झाला की समजा मोटार लागली. फार वेळ तसाच राहिला तर शंभूला फोन लावा, तुमच्याकडे फोन आहे आणि तुम्हाला ऐकू येतं. दोनदा पापणी लवली की मी निघाले. तेव्हा उठायची घाई करू नका, गॅस हाताशी येईल असाच ठेवलाय. भाकरी मी येऊन थापेन.

पत्राच्या शेवटी लोभ असावा असं लिहितात. तुम्ही तवा ठेवा, म्हणजे झालं.

रंभा